गुरुवारचं कोमट पाणी

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना मंडळीनं गाडी भेट दिली तेव्हा ते रडले. स्टेजवर, माइक हातात घेऊन, सगळ्यांसमोर रडले. पांढरी, उंच, सात जण ऐसपैस बसतील अशी गाडी हॉलच्या दारात रिबिन बांधून उभी होती आणि ते म्हणत होते, "मी लायक नाही, मी लायक नाही." गाडीचा रंग त्यांनी स्वतः निवडला होता आणि मनासारख्या नंबरासाठी आरटीओत कुणाला तरी भेटून आले होते, हे मला माहीत होतं, कारण तो कुणी तरी आमच्या शेजारी राहतो. तरी रडणं खरं असावं. एवढी मोठी गाडी मिळाल्यावर मीही रडले असते.

नम्रता हा विषय मला परका नाही. सरकारी कचेरीतली सगळी नोकरी मी टेबलामागं बसून लोकांना "उद्या या" म्हणण्यात घालवली, आणि ते इतक्या नम्रपणे म्हटलं की लोक आभार मानून परत जायचे. त्यामुळे दुसऱ्याची नम्रता मला लांबून ओळखता येते. शिवाय मी पाळकाची मुलगी आहे.

आमचं चर्च बीड बायपासला आहे. पूर्वी ते मंगल कार्यालय होतं. कमानीवरच्या 'शुभ विवाह'च्या जागी आता पांढरं कबूतर आलंय, जेवणाच्या हॉलात पोरांची शब्बाथशाळा भरते आणि नवरीच्या खोलीत पाळकसाहेबांचं ऑफिस आहे. नवरा-नवरी बसायचं ते उंच स्टेज तसंच आहे, फक्त त्याच्यामागं भिंतभर स्क्रीन लागलाय. छावणीतल्या जुन्या दगडी चर्चमध्ये आम्ही आधी जायचो. तिथं दोन गटांची जागेवरून कोर्टात भांडणं चालू आहेत आणि दोन्ही गट एकमेकांसाठी प्रार्थना करतात. आईचं वय झालं, तिला रिक्षात एवढं लांब बसवत नाही. ती म्हणाली, जिथं गाणी म्हणतात तिथं देव असतो, जवळचं बघ. म्हणून जवळचं बघितलं.

पाळकसाहेब माणूस हुशार. आमच्याकडे आले तेव्हा जुनी मोटारसायकल होती, भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि गिटार होतं. सात-आठ वर्षांत देवानं त्यांना आशीर्वाद दिला, आणि देवाकडून द्यायचं राहिलं ते आम्ही दिलं. बायपासच्या मागं त्यांचा बंगला झाला. पाळकबाई, म्हणजे त्यांची बायको, दर रविवारी वेगळ्या रंगाच्या पैठणीत येऊ लागली. आम्ही इतकी वर्षं पैठणच्या बाजूला राहिलो, पण एवढ्या पैठण्या आम्ही पैठणात पाहिल्या नाहीत. हातात कोपरापर्यंत बांगड्या, चेहऱ्यावर कायमचं हसू, आणि नवऱ्याच्या मागं एक पाऊल ठेवून चालणं. एका हातात त्यांची पाण्याची बाटली, दुसऱ्यात त्यांचे दोन फोन. मी तिला मनातल्या मनात राणीसाहेब म्हणायचे. तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती, कारण ती भेटली की आधी आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची.

गाडी आल्यावर मंडळीत थोडी कुरकुर झाली. वाळूजला कंपनीत कामाला जाणारी पोरं आहेत आमच्यात, धुणीभांडी करणाऱ्या बाया आहेत. त्यांनीही गाडीला हातभार लावला होता, कारण पाळकसाहेबांनी सांगितलं होतं की पेरलं तर उगवतं. उगवलं ते पाळकसाहेबांच्या पार्किंगमध्ये, एवढाच फरक.

कुरकुर त्यांच्या कानावर गेली. मग आला झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. त्या दिवशी येशू गाढवावर बसून यरुशलेमेत आला तो उतारा वाचतात. पाळकसाहेबांनी उतारा वाचला, बायबल मिटलं आणि विचारलं, "ज्याच्यावर आजवर कोणीही बसलं नव्हतं असं शिंगरू. म्हणजे काय?"

पुढच्या रांगेतले लोक बायबल चाळू लागले.

"कोरी गाडी," पाळकसाहेब म्हणाले. "झीरो किलोमीटर. प्रभूनं सेकंडहँड मागितलं नाही. आपण राजाधिराजाची लेकरं आहोत. राजाच्या पोरानं भिकाऱ्यासारखं फिरलं तर इज्जत कुणाची जाते? बापाची जाते."

हॉल टाळ्यांनी भरून गेला. मला त्या गाढवाची दया आली. इतकी शतकं बिचारं साधेपणाचं ओझं वाहत उभं होतं, आणि एका सकाळी त्याला उचलून शोरूमच्या काचेमागं नेऊन ठेवलं. मी शेजारी बघितलं. आई हातातली झावळी नीट दुमडून तिचा क्रूस करत बसली होती. उपदेशात तिचं लक्ष नव्हतं. चाळीस वर्षं नवऱ्याचे उपदेश ऐकलेल्या बाईला ती सवलत असते.

उपासना झाल्यावर चहा असतो. आमच्यात एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते खासगी बोलणंसुद्धा सभेत बोलल्यासारखं बोलतात. चहाचा कप घेऊन ते आईजवळ आले आणि माझ्याकडं बोट करून शेजारच्याला म्हणाले, "हिच्या वडलांकडं सायकल होती. तीबी मंडळीची. वारले तवा हिच्या आईनं पंक्चर काढून परत केली."

चहाच्या टेबलाभोवतीच्या सगळ्या माना पाळकसाहेबांकडं वळल्या. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या सायकलीवर मी आजवर खूप जणांना हिणवलंय.

वडील पैठणच्या बाजूच्या खेड्यांत पाळक होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. पत्र्याच्या छताचं चर्च, त्याला लागून दोन खोल्या, आणि आठवड्याला एक गाव धरून सायकलवर फेरी. पगार यायचा तो रस्त्यात संपायचा. कुणाला औषध, कुणाला एसटीचं तिकीट. घरी येताना खिसा रिकामा आणि सोबत दोन पाहुणे. नाताळच्या आधी मिशनकडून कपड्यांची पार्सलं यायची. अप्पा ती अंगणात उघडायचे आणि सगळ्या मंडळीला वाटायचे. आम्ही भावंडं हात पुढं करून उभी राहिलो की हसून म्हणायचे, "तुम्ही घरचे. घरच्यांचं घरी बघू." मग सगळे गेल्यावर आम्हाला जे उरेल ते. एका वर्षी मला एक स्वेटर मिळाला, त्याला एकच बाही होती. मी तो हिवाळाभर घातला आणि अभिमानानं घातला. "घरच्यांचं घरी बघू" हे आमच्या घरातलं वचनच होतं. पुढं नोकरीत कुणी आपल्या पुतण्याला आधी चिकटवलं, कुणी आपल्या भाच्याची फाइल वर काढली, की मी हे वाक्य ऐकवायचे आणि वर सांगायचे की माझे वडील असे होते. त्यामुळे माझ्या टेबलाशेजारी डबा खायला कुणी बसायचं नाही.

आणि गुरुवार. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या गुरुवारी पाळकानं मंडळीचे पाय धुवायचे, अशी रीत आहे. बऱ्याच ठिकाणी बारा जणांना बसवून उरकतात. अप्पांना बाराचा हिशोब मान्य नव्हता. येईल त्याचे पाय ते धुवायचे. आधी म्हातारी माणसं, मग बाकीची. लोक रानातून थेट यायचे. भेगांत काळी माती भरलेली असायची, नखं फुटलेली असायची. अप्पा कमरेला टॉवेल बांधून जमिनीवर बसायचे आणि एकेक पाऊल मांडीवर घ्यायचे. आई बाहेर तीन दगडांच्या चुलीवर हंडा तापवायची. उन्हाळा असला तरी पाणी कोमटच लागायचं. कोमट पाण्यानं माती सुटते आणि भेगा झोंबत नाहीत, हे तिचं शास्त्र. त्यात कडुलिंबाचा पाला आणि मूठभर मीठ. ती बादली भरून आत आणायची, घाण पाणी बाहेर नेऊन ओतायची, परत भरून आणायची. मी हे सगळं दारात उभी राहून बघायचे, आणि मला बघायला फक्त अप्पा दिसायचे.

तर चहाच्या टेबलाजवळ सगळ्यांच्या नजरा पाळकसाहेबांवर होत्या. पाळकसाहेबांच्या हातात बिस्किट होतं. ते त्यांनी चहात बुडवलं, खाल्लं, कप पाळकबाईच्या हातात दिला आणि सरळ आईपाशी येऊन तिचे दोन्ही हात धरले.

"आई," ते मोठ्यानं म्हणाले, "एवढ्या नम्र सेवकाची पत्नी आमच्यात बसते आणि आम्हाला माहीत नाही. या गुरुवारी मी तुमचे पाय धुणार. सगळ्या मंडळीसमोर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनीही वाजवल्या, कारण त्यांना काय चाललंय ते ऐकू आलं नव्हतं. बिस्किट विरघळायच्या आत पाळकसाहेबांनी टीकेचा कार्यक्रम करून टाकला होता. मी वर्षानुवर्षं साहेब लोक पाहिलेत, पण असला हात एकाचाही चालायचा नाही.

रिक्षात मी फणफणत होते. घरी आल्यावर म्हटलं, "तू जाणार नाहीस. शोभेला बसवतोय तुला तो. गाडीवरची कुरकुर धुवायला तुझे पाय पाहिजेत त्याला."

आईनं चष्मा काढून पदरानं पुसला. "जानार हाय मी," ती म्हणाली.

"अगं, व्हिडिओ काढतील तुझा."

"काढू दे की. बसवतेत ना खुर्चीत? बसू दे मला."

"कशापायी पण?"

तिनं चष्म्याची दुसरी काच पुसली. मग म्हणाली, "तुज्या अप्पांनी आख्ख्या तालुक्याचे पाय धुतले. माजे राहिले."

मला वाटलं ती गंमत करतेय. तिच्या चेहऱ्याकडं बघितलं तर गंमत नव्हती.

"तू कधी बोलली नाहीस," मी म्हटलं.

"एक वर्सी बोलले. समदे गेल्यावर खुर्चीत जाऊन बसले. म्हनले, आता माजे. तर हसले अन् म्हनले, घरच्यांचं घरी बघू. दमले व्हते बिचारे. मी बादली उचलली अन् भाकरी टाकायला गेले." तिनं चष्मा परत लावला. "आता कोन धुतंय त्याचं मला काय? पाळक हाय ना तो? झालं तर."

मी तिच्यासाठी चहा टाकला. अप्पा दमलेले असायचे हे खरंच होतं. दिवसभर सायकल आणि संध्याकाळी शेकडो पाय, कोण दमणार नाही. माझ्या मनात तो विषय तिथंच मिटला. एवढंच ठरलं, की गुरुवारी आईला खुर्ची मिळाली पाहिजे. तो पाळक कितीही मोठा नाटकी असला तरी.

सोमवारी चर्चच्या कार्यक्रम समितीतली एक मुलगी घरी आली. हातात मोबाइल, गळ्यात ओळखपत्र. तिनं मला सगळं समजावून सांगितलं. एकूण बारा खुर्च्या असतील. प्रभूचे बारा शिष्य कोळी आणि जकातवाले वगैरे होते, पण आमच्या बारांत एक बिल्डर, दोन प्लॉटिंगवाले, एक दाताचे डॉक्टर, एक मंगल कार्यालयाचे मूळ मालक आणि असेच बाकीचे प्रतिष्ठित होते. बारांत एक यहूदा असतोच, पण तो नक्की कोण यावर मंडळीत एकमत नव्हतं. आईची खुर्ची बारावी.

"आणि आँटी," मुलगी म्हणाली, "बुधवारी पार्लरवाली दीदी येईल. आजींचे पाय जरा स्वच्छ करून घेऊ. क्लोजअप आहे ना."

आई पलंगावरून ऐकत होती. "काय करनार पोरी?"

"पेडिक्युअर, आजी. पाय धुवून, घासून, भेगा काढून देतात."

"धुवूनच नेले तर तो धुनार काय?"

मुलगी हसली, मग तिनं मोबाइलमध्ये काही तरी लिहून घेतलं. पार्लरवाली आली नाही. बाकीच्या अकरांकडं जाऊन आली असं नंतर कळलं. बिल्डरच्या टाचा पुढं महिनाभर गुळगुळीत होत्या म्हणे.

गुरुवारी आई दुपारपासून तयार होऊन बसली. पांढरं सुती पातळ, हातात बायबल, पायात रोजच्या चपला. आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही आलं तर. जायकवाडी भरून वाहत असलं तरी आम्ही टँकरच्या मागं पळतो. त्या दिवशी नळ होता. मी म्हटलं, आंघोळ नीट करून घे, पाणी आहे. तिनं आंघोळ केली आणि मग मुद्दाम अंगणात चार फेऱ्या मारल्या. म्हणाली, जरा धूळ लागू दे, त्याला काम नको का.

हॉलमध्ये एसी इतका सोडला होता की बाहेरचा एप्रिल विसरायला होत होतं. स्टेजच्या कडेला लग्नातल्या महाराजा खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या, लाल मखमलीच्या, सोनेरी पाठीच्या. प्रत्येक खुर्चीसमोर पितळेचं घंगाळ. आणि आता त्या मांडणीतली खुबी माझ्या लक्षात आली. खुर्च्या स्टेजवर, पाय स्टेजच्या काठावर, आणि पाळकसाहेब खाली हॉलच्या फरशीवर उभे राहणार. म्हणजे पाय बरोबर त्यांच्या कमरेच्या उंचीवर यायचे. वाकायला नको, बसायला नको. शिष्यांना एवढं वर चढवून ठेवलं की नम्रतेला कंबरदुखी होत नाही. लोकांना त्यांची पाठच दिसणार होती, पण त्याची काळजी नव्हती. समोरून कॅमेरा होता आणि नम्रता स्क्रीनवर येणार होती.

सगळं नीट जमलं होतं. फक्त एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. पंच्याऐंशीच्या घरातली बाई स्टेजवर चढणार कशी?

पायऱ्या बाजूला होत्या, उभ्या आणि अरुंद, कठडा नाही. लग्नात नवरीला मामा धरून चढवतो, म्हणून कधी कुणाला अडचण आली नव्हती. आईनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, गुडघा धरला आणि मागं घेतला. दोन स्वयंसेवक पोरं धावत आली. म्हणाली, "आजी, खुर्चीसकट उचलतो." आई म्हणाली, "मयताला उचला रं तसं, मला नका." पोरं गेली. ती मुलगी आली, घामाघूम झालेली. म्हणाली, "आँटी, आपण आजींचं नंतर ऑफिसमध्ये करू का? फोटो काढू छान."

मी तोंड उघडलं होतं. माझ्याजवळ त्या वेळी बोलण्यासारखं खूप होतं. पण आईनं माझा हात दाबला, भिंतीकडची एक प्लॅस्टिकची खुर्ची स्वतःच ओढली आणि स्टेजच्या खाली, बाराव्या खुर्चीच्या समोर, फरशीवर मांडून बसली. चपला काढल्या. पाय पुढं केले. मी तिच्यामागं उभी राहिले आणि मनात म्हटलं, आता हिला कुणी उठवून दाखवाच.

कार्यक्रम सुरू झाला. मागं हळू आवाजात कीबोर्ड, स्क्रीनवर निळे ढग. पाळकसाहेब पांढऱ्या झब्ब्यात, कॉलरला बारीक माइक. मागं पाळकबाई, मोरपंखी पैठणीत, एका खांद्यावर टॉवेलांची चळत आणि हातात पाण्याचा जड स्टीलचा जग. कॅनमधून ती जग भरायची, त्यांच्या हातात द्यायची, ते पायांवर धार सोडायचे, ती टॉवेल पुढं करायची. कॅन भिंतीकडं थंड जारांच्या शेजारी ठेवला होता. मला वाटलं, धन्य आहे, जारचं पाणी ओततायत. प्रत्येक पायाला ते काही तरी आशीर्वाद बोलत होते. बिल्डरच्या पायांना त्यांनी सांगितलं की ही पावलं जिथं पडतील ती भूमी तुझी होईल. बायपासच्या अलीकडच्या बऱ्याच भूमींना ते आधीच लागू होतं.

अकरा जण झाले, तोवर तासभर गेला. आईचे पाय गारठले होते, ती ते एकमेकांवर घासत होती. पाळकसाहेब तिच्यासमोर आले आणि थांबले. वर महाराजा खुर्ची रिकामी होती आणि खाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत आई. त्यांनी मुलीकडं बघितलं, मुलीनं कॅमेरावाल्याकडं बघितलं, कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली केला. सगळा हॉल त्या फरशीकडं बघत होता.

मग ते बसले. आधी एक गुडघा, मग खुर्चीच्या हाताला धरून दुसरा. झब्बा ओल्या फरशीवर टेकला. मी त्यांना इतकी वर्षं बोल लावलेत, तर हेही सांगते की ते बसले, आणि बसताना त्यांना दुखलं ते तोंडावर दिसलं.

त्यांनी आईचा पाय हातात घेतला आणि पाणी सोडलं. आईच्या अंगावर शहारा आला.

"पानी गार हाय," ती म्हणाली.

माइक तिच्या अगदी जवळ होता. वाक्य सगळ्या स्पीकरांतून हॉलभर गेलं. लोक हसले. पाळकसाहेबही हसले आणि मान वर करून त्यांनी विचारलं, "पाण्याचं कोण बघतंय रे?"

स्वयंसेवक एकमेकांकडं बघू लागले. पाळकबाईनं जग एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

आईनं वर बघितलं. पाळकसाहेबांकडं नाही, त्यांच्या डोक्यावरून मागं. पाळकबाईच्या पैठणीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजला होता. बांगड्या तिनं वर सरकवून कोपरापाशी अडकवल्या होत्या आणि हाताची बोटं पाण्यानं सुरकुतली होती. मी तिच्याकडं दर रविवारी बघायचे आणि मला फक्त सोनं दिसायचं.

पाळकसाहेबांनी दोन्ही पाय धुतले. नीट धुतले, टाचांवरून हात फिरवून. आईनं डोळे मिटले होते. एवढ्यासाठी ती आली होती आणि ते तिला मिळालं, हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं. मग तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "पाळकसाहेब, आता बाईला बसवा. पानी हाय अजून. तिचेबी धुवा."

पाळकसाहेब खुर्ची धरून उठायच्या बेतात होते. ते मोकळेपणानं हसले. त्यात वाईट काही नव्हतं. दमलेल्या, खुश झालेल्या माणसाचं हसणं होतं.

"ती घरचीच आहे, आई," ते म्हणाले. "घरच्यांचं घरी बघू."

हॉल हसला. लहान पोरंसुद्धा हसली. मी आईच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. ते अक्षरशः तेच वाक्य होतं, त्याच सुरात, त्याच मायेनं. हे वाक्य मी आयुष्यभर लोकांच्या तोंडावर मारलं होतं. एका बाजूला सायकल आणि दुसऱ्या बाजूला पांढरी गाडी अशी माझी सगळी मांडणी होती, आणि दोन्हींच्या मागं जग धरून उभी असलेली बाई मी मोजलीच नव्हती. मला अप्पांचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो कुणाला सांगायचा हे कळत नाही.

आई हसली नव्हती. "घरी नाय व्हत, बाबा," ती म्हणाली.

हेही स्पीकरमधून गेलं, पण तोवर कीबोर्डवाल्यानं शेवटचं गीत सुरू केलं होतं आणि लोक उभे राहत होते. दोन पोरांनी पाळकसाहेबांना हात देऊन उठवलं. ते कॅमेऱ्याकडं वळले आणि हात वर करून गाऊ लागले.

पाळकबाई टॉवेल घेऊन खाली बसली. तिनं आईचा एक पाय मांडीवर, पैठणीवरच घेतला आणि पुसायला लागली. सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून, जसं लहान मुलाला पुसतात. तिचं ते कायमचं हसू त्या वेळी चेहऱ्यावर नव्हतं. गाण्याच्या आवाजात ती काय बोलली ते फक्त आईला आणि मला ऐकू आलं.

"आई, पाणी मीच तापवलं होतं," ती म्हणाली. "कडुलिंबाचा पाला पण घातला होता. तुमचा नंबर येईपर्यंत निवलं."

आईनं तिच्या ओल्या बोटांवर आपला हात ठेवला.

"निवतंच गं, पोरी," ती म्हणाली. "आपला नंबर येईस्तोवर निवतंच."